इंद्रजितची रात्रपाळी

सकाळी साडेअकराला इंद्रजित टिपणीसने मेडिकल बोर्डासमोर सांगितलं, की तो नोकरी करतो.

टेबलापलीकडे दोन डॉक्टर आणि एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मधल्या डॉक्टरांनी त्याला एवढंच विचारलं होतं, की दिवसभर काय करता. बाहेर बाकांवर अजून पुष्कळ माणसं ताटकळत होती. प्रश्न सवयीचा होता आणि त्याची उत्तरंही सवयीची यायची. झोपतो. फिरतो. काही नाही.

"कॉल सेंटर, सर," इंद्रजित म्हणाला. "गुडगाव. नाइट शिफ्ट."

इंग्रजी स्वच्छ, आवाज खालच्या पट्टीतला, दोन्ही हात मांडीवर. वय चौतीस. सकाळी आईने त्याची दाढी करून दिली होती आणि इस्त्रीचा शर्ट अंगात चढवला होता. सरकारी माणसांसमोर गबाळं जायचं नाही, ही टिपणिसांच्या घरातली रीत होती आणि आज ती मोडावी हे वृंदाबाईंच्या डोक्यातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माताजी, ये तो नौकरी करता है."

"नहीं सर, वो सच नहीं है," वृंदाबाई घाईघाईने म्हणाल्या. "हमने लोगों को ऐसा बताया था. मैंने और इसके पिताजी ने."

"किन लोगों को?"

"सोसायटी में."

डाव्या बाजूच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "तो ये खुद मानता है कि नौकरी करता है, या आपका सिखाया हुआ बोल रहा है?"

वृंदाबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होता. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो खरंच तसं मानत असेल, तर तो आजार होता. शिकवलेलं बोलत असेल, तर ते शहाणपण होतं. बोर्डाला या दोहोंतलं एक लिहायचं होतं आणि आईला त्यातलं कुठलं खरं ते माहीत नव्हतं.

"घरी चौकशी करून घेऊ," अशा अर्थाचं काहीतरी डॉक्टर बाजूच्या बाईंना म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

मागणी साधी होती. इंद्रजितचे वडील दत्तात्रय टिपणीस केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. निवृत्त होऊन दोन वर्षांत ते गेले. त्यांची फॅमिली पेन्शन आता वृंदाबाईंना मिळत होती. त्यांच्यामागे ती बंद होणार होती. मुलगा कमावू शकत नाही असा सरकारी बोर्डाचा दाखला असेल, तरच ती त्याच्या नावावर आयुष्यभर चालू राहिली असती. मनाच्या आजारालाही अपंगत्वाचा दाखला मिळतो, हे वृंदाबाईंना दत्तात्रयांच्या जुन्या ऑफिसातून कळलं होतं. निदान चाळीस टक्के अपंगत्व निघायला हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टर सांगत होते. आधी दाखला, मग ऑपरेशन, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, कारण आपण ऑपरेशनमधून उठलोच नाही तर या मुलाला जेवू कोण घालणार, याचं उत्तर दुसऱ्या कुठल्या कागदात नव्हतं.

कॉल सेंटरची गोष्ट दिल्लीतल्या द्वारकेला राहायला आल्यावरची.

त्याआधी टिपणीस आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होते. इंद्रजित डिप्लोमा करून मानेसरच्या एका पार्ट्सच्या कारखान्यात लागला. कंपनीच्या बसने जायचा-यायचा. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एक दिवस तो बसने परतलाच नाही, चालत आला, पायातले बूट कुठेतरी काढून टाकलेले. प्रेस मशीन आपलं नाव घेतं, असं तो सांगू लागला. पुढे ते नाव स्वयंपाकघरातला नळही घेऊ लागला. क्वार्टरच्या भिंती पातळ. आठवडाभरात सगळ्या ब्लॉकला कळलं. जिन्यात पोरं त्याला 'पागल भैया' म्हणू लागली. धाकट्या बहिणीची, कृतिकाची, दोन स्थळं घरापर्यंत येऊन परत गेली. गोळ्यांनी आवाज कमी झाले, माणूसही कमी झाला. पुन्हा तो कामावर गेला नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आले. मराठी अधिकाऱ्यांनी मिळून काढलेली सोसायटी होती ती. रस्त्याला झाडं नव्हती, मेट्रोचे खांब नुसते उभे होते, पाण्याचा टँकर यायचा. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊसाहेब मोहिते, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार मेजर, ट्रकमधून उतरणाऱ्या सामानाशेजारी उभे होते. "आणि चिरंजीव काय करतात?" त्यांनी विचारलं.

दत्तात्रयांनी नोकरीच्या सबंध काळात फायलीवर एक खोटी ओळ लिहिली नव्हती. ते म्हणाले, "कॉल सेंटरला आहे. रात्रपाळी असते."

ते उत्तर मापाने शिवल्यासारखं बसलं. मुलगा दिवसा का झोपतो, संध्याकाळी उठून गॅलरीत एकटाच इंग्रजीत का बोलतो, कुणाच्या लग्नकार्याला का येत नाही, सगळ्याचा उलगडा त्या दोन वाक्यांत होऊन गेला. द्वारकेत तेव्हा घरटी एक मुलगा गुडगावला कॉल सेंटरमध्ये होता. कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढच्या वर्षी पुण्याला कृतिकाचं लग्न झालं.

खोटं निभवायला मात्र रोजची मेहनत लागते. दत्तात्रय रोज संध्याकाळी इंद्रजितला तयार करून, खांद्याला बॅग लावून, हातात डबा देऊन गेटबाहेर घेऊन जायचे. कॅब आत येत नाही, मेन रोडवर थांबते, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. बापलेक बसस्टॉपवर बसायचे, डबा खायचे, अंधार पडल्यावर मागच्या गेटने परत. वडील गेल्यावर इंद्रजित एकटाच जाऊ लागला. त्याला कुणी जा म्हणायला लागत नसे. संध्याकाळ झाली की तो बॅग घ्यायचा.

बोर्डाकडून चौकशीला येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा वृंदाबाईंनी पुण्याला फोन लावला.

"म्हणजे सोसायटीत सगळं सांगणार तू?" कृतिका म्हणाली.

"घरी येतील, मला विचारतील, जातील. सोसायटीचा काय संबंध?"

"आई, माझ्या सासूबाईंची मावसबहीण तुमच्याच बी ब्लॉकमध्ये राहते. तिला कळलं की संध्याकाळपर्यंत इथे."

"मी कुणाला काही बोलत नाहीये."

"प्रॉमिस?"

"अगं हो."

त्यामुळे वृंदाबाई कुणालाच काही बोलल्या नाहीत.

चौकशीला हेमलता नावाची मुलगी आली. हॉस्पिटलातली सोशल वर्कर, पंचविशीची, चुणचुणीत, खांद्याला झोळी. मंगळवार होता. इंद्रजित झोपला होता. आंघोळ स्वतः करतो का, नखं कोण कापतं, पैसे दिले तर सामान आणतो का, शेवटचं कुणाशी बोलला, असं सगळं तिने विचारलं. वृंदाबाईंनी एकही उत्तर झाकून ठेवलं नाही. आंघोळीला रोज ओरडावं लागतं. नखं मी कापते. सामान आणायला गेला तर दुकानापाशी उभा राहतो, आत जात नाही. हेमलताने चहा घेतला, खोलीच्या दारातून झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि "आंटी, टेन्शन मत लो," म्हणून ती जिना उतरली.

जिना उतरून ती सोसायटीच्या ऑफिसात गेली. शेजाऱ्यांचं म्हणणं घेणं तिच्या कामातच होतं. ते वृंदाबाईंना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात भाऊसाहेब, हातात मिठाईचा पुडा.

"वहिनी, तोंड गोड करा आधी!"

"काय हो, काय झालं?"

"मला विचारता? काल चौकशी येऊन गेली आणि आम्हाला पत्ता नाही लागू दिलात!" भाऊसाहेब सोफ्यावर ऐसपैस बसले. "पोरगी हुशार आहे हं. मुलीकडची की मध्यस्थ ते काही तिने सांगितलं नाही. कुठल्यातरी ऑफिसातून आलेय म्हणाली. मी म्हटलं, समजलो बाई, समजलो. आम्ही पण मुली उजवल्यात."

वृंदाबाई उभ्याच राहिल्या. "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"काय सांगणार? चांगलंच सांगणार! स्थळाची चौकशी आली आणि शेजाऱ्याने तोंड वाकडं केलं, असं आपल्यात होतं का कधी? म्हटलं, एक नंबर मुलगा. ना सिगरेट, ना दारू. रोज संध्याकाळी ड्यूटीवर. तीन वर्षांत खाडा नाही. पलटणीत असता तर मी त्याला हवालदार केला असता. पगार विचारला तिने."

"पगार?"

"पंधरा हजार सांगितला. कमी होता का? मनात आलं वीस सांगावा, पण म्हटलं, उगाच अपेक्षा नकोत." ते स्वतःच हसले. "लिहून द्याल का म्हणाली. दिलं की. खाली सही, हुद्दा, सोसायटीचा शिक्का. पक्कं काम."

वृंदाबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. पुडा त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तो न उघडताच बाजूला सारला, तेव्हा भाऊसाहेबांचं हसू आपोआप ओसरलं.

"जास्त बोललो का मी, वहिनी?"

मग वृंदाबाईंनी सगळं सांगितलं. मानेसर, बूट, नळ, गोळ्या, बसस्टॉप. मधे एकदा आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, तेव्हा दोघंही थांबली.

"म्हणजे तीन वर्षं," भाऊसाहेब म्हणाले, "मी त्याला गेटवर 'काय साहेब, निघाले ड्यूटीवर' म्हणतोय."

"तो तेवढ्यासाठी पुढच्या गेटने जातो, भाऊसाहेब. दुसरं कुणी त्याच्याशी बोलत नाही."

भाऊसाहेबांनी खिशातला रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. टिपणीस माझ्याशी रोज ब्रिज खेळत होते, एवढंच ते पुटपुटले. राग होता की दुःख, वृंदाबाईंना कळलं नाही.

"दुसरं लिहून द्या," त्या म्हणाल्या. "जे खरं ते. तुमच्या पाया पडते."

"पाया काय पडता! लिहितो." ते उठले. दाराशी थांबले. "पण वहिनी, एक विचारतो. सेक्रेटरी म्हणून विचारावं लागतं. मारझोड वगैरे...?"

"नाही. कधीच नाही."

"बिल्कुल नाही ना? कारण कमिटीला सांगावं लागेल. उद्या कुणी म्हणेल, मोहित्यांना माहीत होतं आणि गप्प बसले."

कमिटीत सातजण होते. त्यातले दोघे बी ब्लॉकमधले. गुरुवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आत पुण्याहून फोन आला. कृतिका रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "सासूबाई काही बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी फक्त विचारलं, की हे असं पुढच्या पिढीत येतं का. मला तिसरा महिना आहे, आई. मी तुला रविवारी सांगणार होते."

काळजी घे, असं वृंदाबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी शब्द पाळला. दुसरं निवेदन त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, पुन्हा सही, पुन्हा शिक्का. वृंदाबाई ते घेऊन हॉस्पिटलला गेल्या. हेमलताने दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले.

"आंटी, आदमी वही, मुहर वही. पहले में लिखा है रोज ड्यूटी जाता है, दूसरे में लिखा है कभी गया ही नहीं. मैं बोर्ड को क्या बोलूं?"

"बेटा, उन्होंने समझा तुम रिश्ते के लिए आई हो."

हेमलता आधी हसली, मग तिचा चेहरा पडला. तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं, बराच वेळ बाजूला उभं राहून बोलली. मार्ग एकच निघाला. पेशंटला दहा दिवस वॉर्डात निरीक्षणाखाली ठेवायचं. लोक काय म्हणतात ते बाजूला, तो काय करतो ते बघायचं.

नव्याण्णव साली इंद्रजितने बोलणं-खाणं सोडलं, तेव्हा तो एका हॉस्पिटलात राहिला होता. त्यातून बाहेर आल्यावर कित्येक महिने तो बंद दाराकडे पाठ करून बसत नसे. वृंदाबाईंनी तरी सही केली. सोमवारी सकाळी त्याची बॅग भरताना त्याने विचारलं, "आई, शिफ्ट?"

"रजा टाकलीये तुझी," त्या म्हणाल्या.

तो लगेच तयार झाला.

वॉर्डात दाराला आतबाहेर कुलूप होतं, भेटीची वेळ दुपारची. पहिले दोन दिवस काही विशेष घडलं नाही. चौथ्या दिवशी वॉर्डच्या मुख्य सिस्टर, गिरिजा नावाच्या केरळच्या बाई, वृंदाबाईंना पाहून स्वतःहून पुढे आल्या.

"आपका बेटा बहुत अच्छा है, अम्मा. रात को सोता नहीं, ठीक है, पर तंग नहीं करता. हमारे पास रात में आदमी कम है ना. वो बूढ़े लोगों को पानी देता है, चादर ओढ़ाता है. एक बाबा है, किसी के हाथ से दवाई नहीं लेता, इसके हाथ से लेता है." त्या कौतुकाने हसल्या. "मैंने रिपोर्ट में सब लिखा है."

वृंदाबाईंच्या छातीत नेहमीची कळ आली. त्यांनी भिंतीला हात टेकला. "सिस्टर, वो मत लिखिए."

"क्यों? अच्छी बात है ना?"

काय सांगणार होत्या त्या? स्वतःची काळजी, इतरांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, अशा रकान्यांत गुण पडतात आणि जितका माणूस निकामी तितके गुण जास्त, हे सिस्टरना त्यांच्याहून चांगलं माहीत होतं. सिस्टरनी फक्त जे पाहिलं ते लिहिलं होतं.

इंद्रजित कॉटवर बसला होता. दाढी वाढली होती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. पण तो आईकडे बघत होता. डोळ्याला डोळा देऊन. वृंदाबाईंना आठवेना, की त्याने असं शेवटचं कधी पाहिलं होतं.

"जेवलास?"

"हो. दोन नंबरच्या बाबांना पण भरवलं. त्यांचे हात थरथरतात." मग, "इथलं काम बरं आहे, आई. सगळे झोपलेले असतात. कुणी नाव घेत नाही."

वृंदाबाई त्याच्या शेजारी बसल्या. शर्टाची बटणं सोडून त्यांनी नीट लावायला घेतली आणि तिसऱ्या बटणापाशी त्यांचे हात थांबले. त्यांनी पुन्हा ती होती तशीच, वरखाली लावून टाकली.

"इंद्रा, ऐक. आता रात्री उठायचं नाही."

"पाणी मागतात ते."

"मागू देत. सिस्टर देतील. तू पडून राहायचंस. कुणाचं काही करायचं नाही. ऐकतोयस ना?"

"बाबांच्या गोळ्या?"

"तुझं काम नाहीये ते."

त्याने आईकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "बरं," तो म्हणाला.

शुक्रवारी त्या गेल्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. सिस्टर म्हणाल्या, रात्रभर उठला नाही. शनिवारी म्हणाल्या, जेवायलाही उठला नाही. वृंदाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इंद्रा, आता ऊठ. जेवायला उठायला मी नाही म्हटलं नव्हतं." खांदा हलला नाही. ओठ मात्र हलत होते. त्यांनी कान जवळ नेला. काही ऐकू आलं नाही.

रविवारी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. त्यांनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या, हात उचलून सोडला. तो हवेत तसाच राहिला आणि मग हळूहळू खाली आला.

"कब से ऐसा है?"

"गुरुवार रात से," सिस्टर म्हणाल्या. "उसके पहले बहुत ठीक था."

"गुरुवार को कुछ हुआ था?"

सिस्टरनी वृंदाबाईंकडे पाहिलं. वृंदाबाईंनी तोंड उघडलं. मी सांगितलं होतं, असं म्हटलं तर हे सोंग ठरणार होतं. नाही म्हटलं तर डॉक्टर चुकीच्या वाटेने औषध शोधत बसणार होत्या. आणि तो सांगितलेलं ऐकतोय की पुन्हा तिथे गेलाय, जिथून त्याला परत आणायला मागच्या वेळी वर्ष लागलं होतं, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"मैंने उसको बोला था, रात को मत उठना," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं, त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. इंजेक्शन सुरू झालं.

बोर्ड बुधवारी बसायचं होतं. मधले डॉक्टर रजेवर असल्यामुळे ते बसलं नाही. नवी तारीख अजून लागलेली नाही. बुधवारी दुपारी भेटीची वेळ संपेपर्यंत इंद्रजित उठलेला नव्हता.